चौथी घंटा

चौथी घंटा वाजली नाही.

बाकीच्या तीन वाजल्या होत्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, छताला लागून, एका लांब फळीवर त्या ओळीनं टांगलेल्या होत्या. वरच्या खोलीतली दोरी ओढली की भिंतीच्या पोटातून गेलेली तार ताणली जायची आणि त्या खोलीची घंटा खाली वाजायची. पाहुणे आलेले मास्तर एकेका खोलीत जाऊन दोरी ओढत होते. त्यांची बायको खाली मान वर करून उभी होती.

"वाजली का?" जिन्यावरून मास्तरांचा आवाज आला.

"नाही. जोर लावा जरा. सकाळी चार अंडी कुणी खाल्ली?"

"दोन."

घराची मालकीण हसली नाही. तिनं आत्ताच त्यांना घराचा इतिहास सांगितला होता, आई सांगायची तसाच. लाकडाच्या एका व्यापाऱ्यानं हे व्हिक्टोरियन घर बांधलं. आपले ओंडके नदीतून वाहत येताना बिछान्यातून दिसावेत, म्हणून वरच्या खिडक्या बाहेर काढलेल्या. जिन्यावरची रंगीत काच जहाजातून आली. मग धंदा बुडाला, मग एका पुरात तळमजला बुडाला, आणि वारसांनी घर मातीमोल किमतीत विकून टाकलं. ते आईनं घेतलं. गाळ उपसला आणि खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली.

इथवर आलं की आई नेहमी या घंटांखाली येऊन थांबायची. "इथं माझ्या आईची चटई असायची," ती म्हणायची. "ती या घरात कामाला होती. इथंच झोपायची. झोपायची कसली, पडून असायची. पाणी हवं, वाजव. उशी सरकली, वाजव." मग आईच हसायची. "चला, चहा घ्या. आमच्याकडे वाजवावं लागत नाही."

तिची मुलगी, आताची मालकीण, एवढा भाग गाळायची. घंटांकडे ती बघायचीही नाही. उद्या सुतार येऊन ती फळीच काढून नेणार होता.

आईनं शेवटचे महिने चौथ्या खोलीत काढले. मुलीनं आपली खाट स्वयंपाकघरात आणून टाकली, बरोबर घंटांखाली. "काही लागलं की ओढ," तिनं आईला सांगितलं होतं. आई ओढायची आणि ती धावायची. दिवसभर पाहुण्यांच्या चादरी, न्याहारी, हिशेब, रात्री घंटा. अखेरच्या आठवड्यात घंटा शांत झाली. औषध लागू पडलंय, असं तिला वाटलं. मग एका सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हा तिला जाग आली. किती दिवसांनी इतकी गाढ झोप लागली होती. चहा घेऊन ती वर गेली, तर आई गेलेली होती. दोरीचे दोन वेढे तिच्या मुठीभोवती घट्ट बसले होते. मुलीनं एकेक बोट सोडवलं, दोरी पुन्हा भिंतीला लावली, आणि मगच लोकांना बोलावलं. आई बोलावत होती आणि आपण झोपून होतो, हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. चौथ्या खोलीला तिनं कुलूप लावलं. आज रात्रीसाठी बाकीच्या खोल्या ठरल्या होत्या, म्हणून ते निघालं होतं.

"तार तुटली असेल," मास्तरांची बायको म्हणाली.

तार तुटली नव्हती. वरून दोरी ओढली गेली तशी घंटा चांगली हलली. नुसतीच हलली. मालकिणीनं स्टूल ओढलं, वर चढली आणि घंटा उलटी करून आत पाहिलं. आतल्या लोलकाला उशीच्या अभ्र्याची पट्टी गुंडाळलेली होती. वर बारीक, एकसारखे टाके. ते टाके तिच्या ओळखीचे होते. घरातल्या सगळ्या चादरींवर तेच होते.

"मावशी, हे काय आहे?"

स्वयंपाकाच्या मावशी ओट्यापाशी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हातातली शेंग खाली ठेवली.

"आधी उतरा, ताई. पडाल."

"मावशी."

"थोरल्या बाईंनी करून घेतलं माझ्याकडून. तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा."

"पण दोरी तिच्या हातात होती." हे ती पहिल्यांदाच कुणापुढे बोलत होती. "मुठीत. मी सोडवली. तिनं ओढली होती, मावशी."

"ओढली असणारच." मावशींनी पदरानं हात पुसले, मग तोच पदर डोळ्यांना लावला. "कळ उठली की काहीतरी घट्ट धरून ओढावंसं वाटतं, म्हणायच्या. दोरी हाताशी असली की सोसतं. फक्त खाली वाजायला नको, म्हणाल्या."

"आता?" मास्तर वरून ओरडले. मालकिणीच्या गालाशेजारी घंटा पुन्हा हलली, आवाज न करता.

"खाली या तुम्ही," बायको हळू आवाजात म्हणाली. तिच्या नवऱ्याला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मालकीण स्टुलावरच उभी होती. पट्टीवरून तिचं बोट फिरत होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्याच गळ्याची शपथ घातली होती. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पट्टी सोडून टाकली असती. मीही भांडले त्यांच्याशी. म्हटलं, पोरीला उठवायचं नाही तर कुणाला उठवायचं? तर त्या घंटांकडे बोट करून मलाच म्हणाल्या, 'यांच्याखाली एक तरी बाई निवांत झोपू दे.'"