फळी काढा

डब्याचं झाकण खट्कन बसलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

"म्हणजे जाणारच आहेस," अवधूत म्हणाला. कालपासून रुसलेल्या नवऱ्याचं हे पहिलं वाक्य.

"डबा काय बघायला भरलाय?" सलोनीनं डबा मांडीवर घेतला, चाकांना हात घातला आणि खुर्ची दाराकडे वळवली.

त्याचंही चुकत नव्हतं. मागच्या आठवड्यात बसमध्ये चढवताना चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं होतं. कुणाचा हात कुठे, कुणाचा कुठे. ओढणी खाली, डबा रस्त्यावर, आणि खिडकीतली एक बाई "अरेरे, बिचारी" म्हणत होती. सलोनी तशीच घरी परतली. दुसऱ्या दिवशी तर बस थांबलीच नाही; ड्रायव्हरनं खुर्ची पाहिली आणि वेग वाढवला. रोज रिक्षा करायची तर पगार रिक्षावाल्याच्याच घरी पोचता करायचा. आधीच्या नोकऱ्या अशाच गेल्या. तुम्हाला काम येत नाही, असं तिला कुणीच कधी म्हणालं नाही. तुम्हाला पोचता येत नाही, एवढंच म्हणाले.

मार्केट यार्डातल्या करीमशेठचं मसाल्याचं दुकान निम्मं फोनवर चालायचं, आणि फोनवर सलोनीसारखं गिऱ्हाईक सांभाळणारं दुसरं कुणी त्यांना मिळालं नव्हतं. पण काल तेही म्हणाले, "शाळेला सुट्टी आहे तर पोरीला आणा, हरकत नाही. उशीर आणू नका. आज-उद्या नाही जमलं, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

वारज्याच्या स्टॉपवर फूटपाथ होता, पण तिथे दुचाक्या नांदत होत्या. म्हणून सलोनी रस्त्यावरच थांबली. सोबत आणलेल्या लेकीची, मुक्ताईची, वेणी सुटली होती. आपल्या गुडघ्यांमध्ये तिला धरून सलोनीनं ती पुन्हा घातली, रिबिनीचं फूल केलं, आणि फूल होतंय तोवर बस आली. आज थांबली, कारण उतरणारे खूप होते.

कंडक्टरनं खुर्ची पाहिली आणि आत हाक मारली, "गेनबा, चल रे! ताईंना वर घ्यायचंय."

गेनबा मार्केट यार्डातला हमाल. पोती ओढायचा लोखंडी आकडा कमरेला खोचलेला. तो हसतच उतरला. "या ताई. रोज पोत्यांच्या थप्प्या लावतो मी, तुमचं असं काय वजन हाय?"

"मी पोतं नाही, दादा."

गेनबाचं हसू तोंडातच राहिलं. सलोनी कंडक्टरकडे वळली. "फळी काढा."

खुर्ची चढवायची लोखंडी फळी दाराशी घडी करून बसवलेली होती. कंडक्टर रोज तिच्यावर पाय देऊन उभा राहायचा. "ती निघत नाही, ताई. कधी काढलीच नाही."

"मग आज काढा."

"मागून दुसरी बस येतीय. तिच्यात बघा."

"तिची तरी निघते का?"

कंडक्टरनं पाठ वळवली. तो उतरणाऱ्यांची तिकिटं बघायला लागला. सलोनीला तेवढा वेळ पुरला. तिनं मुक्ताईला फुलवालीच्या टोपलीपाशी उभं केलं. "इथून हलायचं नाही हं, सोन्या." मग खुर्ची सरळ बसच्या तोंडासमोर नेली, ब्रेक लावला आणि हात मांडीवर ठेवले. 

हॉर्न वाजला. मग मागच्या गाड्यांचे वाजले. खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"अहो बाई, हा रस्ता आहे, तुमचा दिवाणखाना नाही!"

"आंदोलनं रविवारी करावीत!"

एक इस्त्रीदार गृहस्थ मनगटावरचं घड्याळ दाखवत खाली उतरले. "आपल्याला कळतंय का काही? आम्हाला कामावर जायचंय!"

सलोनीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"मलाही."

गृहस्थांनी घड्याळाचा हात खाली घेतला. हॉर्न वाजत राहिला. सलोनी हलली नाही.

तेवढ्यात दाराकडून खरडल्याचा आवाज आला. गेनबा गुडघे टेकून बसला होता. आकड्यानं तो फळीच्या फटीतली माती, जुनी तिकिटं, गुटख्याच्या पुड्या उकरून काढत होता. "निस्तं बघताय काय," तो कंडक्टरवर खेकसला, "धरा की दुसरी बाजू!" दोघांनी ओढ दिली. गंजलेली फळी करकरली आणि धाडकन रस्त्यावर पडली.

सलोनीनं लेकीला मांडीवर घेतलं आणि चाकांना जोर दिला. अर्ध्यावर चाकं अडली. गेनबाचा हात पुढे आला. तिनं नको म्हणून मान हलवली, तेव्हा तो हात तिथेच थांबला; मागे गेला नाही, पुढेही आला नाही. सलोनीनं पुन्हा जोर लावला. आता ती आत होती.

फोन वाजला. "कुठे आहात?" करीमशेठ.

"बसमध्ये. थोडा उशीर होईल."

"बसमध्ये? कुणी चढवलं?"

"मी चढले."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "बरं, या. पण उद्या वेळेवर."

"येईन. फळी मोकळी झालीय आता."

मधल्या जागेतल्या लोकांनी आपापल्या पिशव्या उचलून वाट दिली. "लेटमार्क लागणार आज," कुणीतरी पुटपुटलं. सलोनीनं ब्रेक लावला. बस निघाली.

खिडकीखाली निळ्या रंगात एक चित्र होतं, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचं. मुक्ताईनं त्यावरून बोट फिरवलं.

"आई, ही तू?"

"मी, आणि माझ्यासारखे सगळे. ही जागा आमचीच असते, राणी." सलोनीच्या आवाजात आज जरा ऐट होती.

मुक्ताईनं मान वळवून अख्खी बस पाहिली, पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत.

"मग ते सगळे कुठे आहेत?"