एक ओरखडाही नाही

युक्रेनमध्ये, खारकीव्हजवळच्या खंदकाशेजारी तोफगोळा फुटला, पण ओस्तापच्या अंगावर ओरखडासुद्धा उमटला नाही. हवेच्या नुसत्या तडाख्यानं त्याच्या दोन्ही कानांचे पडदे मात्र फाटले. हातपाय शाबूत दिसल्यावर ‘नाटकं करतोय’ म्हणायला लोकांचं काय जातं? आज लष्करी डॉक्टरांचं मंडळ त्याला तपासून ठरवणार होतं, घरी पाठवायचं की पुन्हा आघाडीवर, जिथे डोक्यावर ड्रोन घोंघावलं तरी त्याला कळणार नव्हतं.

त्याच्या बहिणीला, यारीनाला, दारातच अडवलं. “नातेवाईक बाहेर.” आत गेलेले सगळे एकेक करून बाहेर आले, दादा काही येईना. शेवटी पहारेकरी चहाला सरकला, तशी ती आत घुसली. रिकाम्या बाकांवर ओस्ताप एकटाच, गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्या मुलासारखा बसला होता. नावं पुकारणाऱ्या, नोंदणीच्या खिडकीतल्या बाई घरी निघायला कोट चढवत होत्या.

“बाई, ओस्ताप हलुश्कोचा नंबर कधी?”

“तो गैरहजर होता. त्याला तपासणी नको, असं धरलंय. सोमवारी पलटणीत हजर व्हायचं.”

“अहो, हा काय, सकाळपासून तुमच्या नाकासमोर बसलाय.”

“मग मी काय करू? तीनदा नाव पुकारलं, घसा बसला माझा. बहिरा आहे का हा?”

यारीनाचं डोकं सणकलं. खिडकीतून हात घालून तिनं बाईंचंच पेन उचललं आणि त्यांच्यापुढे आपटलं.

 

“हेच लिहा कागदावर, आणि खाली सही करा.”