मनस्विनीचा उजवा पाय

"ट्रॅव्हलिंग नव्हतंच ते!" आकाश ओरडला. "उजवा पाय जाग्यावर हाय तिचा. डोळे फुटले का तुझे?"

"माझे फुटले. मग सरांचेबी फुटले का?" अजिनाथ शांतपणे म्हणाला. तो पिशोरचा, जिंकलेल्या कॉलेजचा. त्याला आज गार झालेला चहाही गोड लागत होता.

ग्राउंडसमोरच्या हॉटेलात मॅच संपल्यापासून हेच दळण चाललं होतं. मुलींची आंतरमहाविद्यालयीन फायनल. आकाशचं कॉलेज एका पॉइंटनं मागं, घड्याळ संपत आलेलं. सायलीनं पास दिला, मनस्विनीनं तो घेतला, पाऊल टाकलं, उडी मारली आणि बॉल रिंगमधून खाली आला. पण तिच्या पहिल्याच पावलाला शिट्टी वाजली होती. पंचांनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या. ट्रॅव्हलिंग. म्हणजे बॉल हातात असताना पाय नको तेवढा हलला. बास्केट रद्द, मॅच गेली.

ते पंच कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. श्रीरंग सर. मनस्विनीचे वडील.

घरचं माणूस खेळत असलं की पंचानं त्या मॅचला उभं राहायचं नाही, हा इथला रिवाज. सरांनी तो आजवर पाळला होता. पण आज जालन्याहून येणारे पंच आलेच नाहीत, आणि बास्केटबॉलचे पंच काय झाडाला लागतात? समोरच्या कॉलेजचे कोच स्वतः येऊन म्हणाले, "सर, तुम्हीच घ्या. तुमच्यावर आमचा भरवसा आहे." भरवसा म्हटलं की माणूस अडकतोच. सर अडकले.

पहिल्या हाफमध्ये मनस्विनीला धक्का बसला. सरांनी फाउल दिला. फाउल खराच होता. पण कठड्यावरून कुणीतरी आवाज टाकला, "वाढपी घरचा हाय, बसा कुठंबी!" सगळं ग्राउंड हसलं. ते हसू सरांच्या मानगुटीवर बसलं ते मॅच संपेपर्यंत उतरलं नाही.

"हे बघ ना," आकाशनं पुन्हा व्हिडिओ लावला. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथं नेमकं पायाच्या वेळी कुणाचं तरी कोपर आडवं येत होतं. सगळी टाळकी मोबाईलवर वाकली. पुन्हा पाय, पुन्हा कोपर. सरांना हा वाद ऐकून ऐकून शिसारी आली होती. उठून जायचं तर मनस्विनी अजून बाहेर कट्ट्यावर बूट सोडत बसलेली. तिचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघाची निवड करणाऱ्या मॅडम मॅच संपल्यावर तिच्यासमोरून गेल्या आणि जिंकलेल्या पोरींशी बोलत उभ्या राहिल्या. तिनं ते बघितलं होतं. सरांनीही बघितलं होतं.

"अरे, मी सरांच्या पंच-शिबिराला होतो ना," अजिनाथ म्हणाला. "सर काय सांगतेत, म्हाइतंय? शिट्टी ओठात ठेवा, पण गाल रिकामे पाह्यजेत. आधी बघायचं, मग गालात हवा भरायची. हवा आधी भरली की डोळे नुसते निमित्त शोधतेत. असं शिकवणारा माणूस चुकीची शिट्टी मारंल व्हय?"

अजिनाथ उठला, सरांच्या टेबलाशी आला आणि चक्क पाया पडला.

"आपला तो बाब्या म्हणणारे लई बघितले, सर. तुम्ही पोरीलाबी सोडलं नाय. मानलं तुम्हाला."

"मी पायासाठी भांडतोय सर," आकाशही मागनं आला. "तुमच्या इमानदारीबद्दल शब्द नाय आपला. व्हिडिओ पाठवलाय तुम्हाला. निवांत बघा."

सरांना बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

पोरं गाड्यांना किक मारून गेली. हॉटेलवाला बाकडी आत घ्यायला लागला, तशी मनस्विनी आली. खांद्यावर बॅग, गुडघ्यावर माती. मॅच संपल्यापासून ती वडिलांशी एक शब्द बोलली नव्हती.

"चहा घेतेस?"

तिनं मान हलवली. नको.

सरांनी खिशातून मोबाईल काढून तिच्यापुढं धरला. "मने, तू तरी सांग बाई. हे लोक भांडून भांडून गेले. तुझा पाय, तुलाच ठाऊक. हलला होता ना?"

तिनं हो म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. खोटं का होईना, हो.

मनस्विनी बसली. तिनं व्हिडिओ लावला आणि मध्येच बोट ठेवून थांबवला. मग दोन बोटांनी चित्र मोठं केलं. पण तिनं पाय मोठा केला नव्हता. कुणीच न बघितलेला वरचा कोपरा मोठा केला होता. तिथं सर स्वतःच उभे होते. शिट्टी ओठात, नजर पोरीवर. आणि दोन्ही गाल टम्म फुगलेले.

सरांनी चहाचा रिकामा ग्लास बाजूला सारून मोबाईल जवळ ओढला.

"पायाचं राहू द्या," ती म्हणाली. रागानं नाही, दमून. "बॉल कुठंय ते बघा. अजून सायलीच्याच हातात आहे, बाबा."