उभी राहिली

आप्पासाहेबांनी भंगारातून आणलेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप मूळ रूपात उभी केली होती. संभाजीनगरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ती मिरवायची, एवढीच त्यांची हौस. पण जनावरांची डॉक्टर असलेली त्यांची मुलगी प्रेरणा म्हणाली, “मागची बाकं काढून चेनपुली बसवू. आजारानं बसलेलं, उठू न शकणारं जनावर उचलता येईल.” “कर काय करायचं ते,” म्हणत त्यांनी किल्ली दिली, पण चेनपुली बसल्यावर जीपकडं पाहणंही सोडलं. आज फर्दापूरहून फोन आला. भागूबाईंची गाय व्यायल्यापासून उठलीच नव्हती, आणि त्यांच्या गोठ्याकडं जायला दगडगोट्यांच्या ओढ्यातूनच तेवढी वाट होती. “ओढ्यातून जीप काढणं तुला जमायचं नाय,” म्हणत आप्पासाहेब स्वतःच चालवायला बसले. गोठ्यापाशी प्रेरणानं औषध दिलं, गाईच्या पोटाखालून रुंद पट्टे घातले आणि साखळी ओढली. गाय अर्धी वर आली, पण पाय दुमडलेलेच राहिले. “राहू द्या ताई, लई हाल होतेत तिचे,” भागूबाई रडत म्हणाल्या. प्रेरणाचे हात थांबले. आप्पासाहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी गाईला खांदा लावला. “ओढ तू. मी धरतो.” साखळी पुन्हा करकरली. गाईनं आधी एक खूर टेकवला, मग दुसरा, आणि थरथरत का होईना, ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली. वासरू लगेच आचळांना लुचलं. शेणानं भरलेल्या सदऱ्यातच आप्पासाहेब भागूबाईंना म्हणाले, “आसपास कुणाचं जनावर बसलं, तर फोन करा. आम्ही येतो.”