फोटोतली बट

दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत घनश्यामला नाटकात मालगुजार, म्हणजे जुना जमीनदार, व्हायचं होतं, आणि तो हुबेहूब आपल्या बापासारखा दिसावा अशी त्याची हौस होती. बाप गेला तेव्हा तो पाळण्यात होता, म्हणून भिंतीवरचा बापाचा फोटो हारासकट काढून त्यानं सलूनवाल्या महागूपुढं ठेवला.

"डिट्टो असे केस पाह्यजे. का तुले निस्ता हिरोकटच येते?"

अख्ख्या बालाघाटात आपल्या हाताला नाव ठेवणारा अजून जन्मला नाही, असं महागूचं ठाम मत होतं. त्यानं मधोमध भांग पाडला, कानांवर लाटा बसवल्या. कपाळावरची उलटी वळलेली बट तेवढी ऐकेना. एरंडेल झालं, मेण झालं. हात काढला की बट खाली. शेवटी गोंदानं चिकटवली, तोवर दुपार टळली होती.

आपलं काम बघायला महागू त्याच्याबरोबर घरापर्यंत गेला. दारात घनश्यामची बायको सरिता उभी होती. नवऱ्याला पाहताच तिनं झटकन डोक्यावरून पदर ओढला आणि बाजूला झाली. सासरा तिनं फोटोतच पाहिला होता. महागूची छाती फुगली.

आत तुळसाबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं लेकाकडं बराच वेळ पाहिलं.

"माय, बाबासारखा दिसतो का नाही?"

"तुह्या बापाले लग्नातच टक्कल होतं, बापू. ते केस फोटोवाल्यानं ब्रशानं काढून देल्ले."

घनश्यामचा हात डोक्याकडं गेला. महागूनं मात्र सकाळपासून अडकलेला श्वास सोडला.

"तरीच म्हटलं, ते बट काहून बसून नाही राह्यली."