मागच्या बाकावरची होडी

विभागप्रमुख मागच्या बाकावर बसले आणि वर्ग घेणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीने गृहपाठाचे कागद पुढे ओढले. पुढच्या वर्षी लेखनाचा वर्ग तिच्याकडे राहणार की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. गृहपाठ होता: कागदी होडी कशी करायची ते लिहा. ती वाचणार, वर्ग ऐकून घड्या घालणार. दाखवायचं काहीच नाही. पहिल्या लिखाणातून नुसते बोळे निघाले. “मॅडम, माझी पाणबुडी झाली!” मग तिने कधीच न बोलणाऱ्या मुलीचा कागद घेतला. हशा विरला, घड्यांची सळसळ तेवढी उरली. वाचून संपल्यावर तिने मान वर केली आणि ती बघतच राहिली. नुसत्या शब्दांनी प्रत्येक बाकावर होडी उभी केली होती. विभागप्रमुखांनी तर शेऱ्याचाच कागद दुमडला होता. “मोडवत नाही हो,” ते होडी तळहातावर धरून म्हणाले. “पुढच्या वर्षीही हाच गृहपाठ द्या.”