साखरेचा डबा

आमचे हे म्हाताऱ्यांचे मानसोपचारतज्ज्ञ. पेशंटच्या घरी गेले, की स्मरणशक्ती तपासायला नजर चुकवून एखादी वस्तू भलतीकडे ठेवतात. पेशंट वैतागला, तर ठीक. 'ती तिथेच असते' म्हणाला, तर काळजी. हल्ली आमच्याकडेही साखरेचा डबा चपलांच्या कपाटात सापडू लागला. म्हणजे माझीच परीक्षा! मी ताकास तूर लागू न देता तो परत ओट्यावर ठेवत राहिले. आज मात्र डबा वॉशिंग मशीनमध्ये होता. माझं डोकंच फिरलं. डबा त्यांच्यासमोर आदळला. "बायकोलाही पेशंट करून ठेवलंत?" त्यांचा चेहरा पडला. "मला वाटलं, तूच माझी परीक्षा घेतेयस. कपाटात दिसला, की मीही गुपचूप ओट्यावर ठेवायचो." मुलगी सासरी गेल्यापासून घरात तिसरं कोणी नाही. आम्ही डब्याकडे बघत बसलो. मग त्यांनी दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, "आज वार कोणता?" "आधी तुम्ही सांगा."